सह्याद्रीतल्या खडी-मुरुमाच्या वाटा आणि ग्रॅव्हल सायकल : कुठून जावं?

खिंडवेडा
नमस्कार मंडळी,
सहा वर्षं रोडबाइक चालवली. कात्रज, खंबाटकी, पसरणी, सगळे घाट करून झाले. पण गेली दोन वर्षं हायवेच्या कडेनं जाताना मागून डंपर आला की हात आपोआप हँडल आवळायचे. शेवटी गणपतीच्या सुमारास ती विकली आणि ग्रॅव्हल सायकल घेतली. ७०० बाय ४० चे (४० मिलिमीटर रुंद) ट्यूबलेस टायर, डिस्क ब्रेक, पुढे एकच ४० दात्यांची चेनरिंग, मागे ११ ते ४२ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट.

दिवाळीनंतर तीन दिवस मोकळे आहेत. मनात असं आहे : लोणावळा, घुसळखांब, आंबवणे, सालतर खिंड, भांबुर्डे, ताम्हिणी, तिथून मुळशी, मुठा खोरं, पानशेत, वेल्हे, भोर आणि जमलं तर वाई, महाबळेश्वर, तापोळा. हायवे शक्यतो लागू नये, रान लागावं, आणि चाकाखाली डांबर कमीत कमी असावं.

अडचण अशी की या भागात दर वर्षी कुठे ना कुठे नवं डांबर पडतंय. माझ्या मते या वाटा संपत चालल्या आहेत, त्या आधीच पाहून घ्यायला हव्यात. तुमच्या माहितीत कुठे कुठे मुरूम शिल्लक आहे? आणि पहिल्याच फेरीला हा बेत झेपेल का?

पाटणची_पोर
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

घाटमाथा
झेपणार नाही. तीन दिवसांत लोणावळा ते तापोळा डांबरावरून होईल, पण कच्च्या वाटांनी नाही. खराब रस्त्यावर ताशी दहा-बारा किलोमीटर पडले तरी खूप. शिवाय तुम्ही ज्या दिशेनं निघालाय ती उत्तर-दक्षिण. आपल्या नद्या घाटमाथ्यावर उगवून पूर्वेला वाहतात, त्यामुळे मुळशी, मुठा, मोसे, आंबी अशी एकेक खोरी आडवी पडलेली. प्रत्येक वेळी खिंड चढायची, पलीकडे उतरायचं, नदी ओलांडायची, की पुन्हा खिंड. नकाशावर दोन बोटांचं अंतर अख्खी दुपार खातं.

लोणावळा-भांबुर्डे मात्र नक्की करा. पेठ शहापूरला कोराईगडाखालून पुढे गेलं की गर्दी संपते. सालतरच्या अलीकडून उजवीकडे तैलबैल्याच्या त्या दोन उभ्या भिंती दिसायला लागतात आणि नंतर बराच वेळ सोबत करतात. भांबुर्ड्याहून एकोल्याला घनगडाच्या पायथ्याशी जाऊन यायला वेळ ठेवा.

तिथलाच एक अनुभव. चार वर्षांपूर्वी सालतर खिंडीच्या उतारावर वाळलेली काटकी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) गेली आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर तुटला. जादा हँगर घरी खणात. मोबाईलला रेंज नाही, सूर्य डोंगराला टेकलेला. गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबले. सायकलीतलं काही कळत नाही म्हणाले, पण शेजारी बसून चेन दोन्ही हातांनी ताणून धरली. मी चेनटूलनं कड्या काढल्या, डिरेलर बाजूला करून चेन थेट मागच्या मधल्या चकतीवर बसवली. एका गिअरची सायकल झाली. आजोबांचे हात काळे झाले, ते त्यांनी रस्त्याकडेच्या मातीनं चोळून स्वच्छ केले आणि म्हणाले, "आता अंधाराच्या आत भांबुर्डं गाठा, बसू नका." चढावर चेन सारखी उडत होती, निम्मा रस्ता ढकलत गेलो, पण पोचलो. तेव्हापासून हँगर सीटखालच्या पिशवीतच असतो.

सोनचाफा
अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. ग्रॅव्हल सायकल आणि एमटीबी (माउंटन बाइक) यांत नेमका फरक काय? दोन्ही कच्च्यावर चालतात ना?

खडखडाट
ग्रॅव्हलचं हँडल रोडबाइकसारखं वळलेलं, पुढे सस्पेन्शन बहुधा नसतं, टायर ३५ ते ५० मिलिमीटर. एमटीबीला सपाट हँडल, पुढे शॉकर, टायर सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिलिमीटरच्या आसपास. ग्रॅव्हल डांबरावर वेगात जाते आणि बऱ्या कच्च्या रस्त्यावरही चालते. एमटीबी डांबरावर जड, पण दगडातून वाट काढते.

आता माझं मत. ग्रॅव्हल हा प्रकार वाढला अमेरिकेतल्या कॅन्सससारख्या भागात. तिथे मैलोन्‌मैल बारीक खडीचे, नीट राखलेले सरळ रस्ते आहेत. २०२२ साली या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली तीही इटलीत. आपल्याकडे खडी नाही, डबर आहे, म्हणजे मोठाले दगड. सह्याद्रीत जायचं तर हार्डटेल (फक्त पुढे शॉकर असलेली) एमटीबी घ्या, मनगटं वाचतील. खिंडवेडा यांनी घेतली आहे ती चांगलीच आहे, पण राजमाचीला नेलीत तर माझी आठवण येईल.

घाटमाथा
@खडखडाट, राजमाचीपुरतं मान्य. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उढेवाडीपर्यंतची ती १५-१६ किलोमीटरची वाट ४० च्या टायरवर कठीण जाते. पण सगळा सह्याद्री म्हणजे राजमाची नव्हे. पुण्यातून निघून पन्नास किलोमीटर डांबर, मग वीस कच्चं, पुन्हा तीस डांबर असा दिवस असतो आपला. त्यात एमटीबीचे जाड टायर डांबरावर पार दमवतात. मी दोन्हींवर केलंय, दिवसभराच्या फेरीला ग्रॅव्हलच घेतो.

निवृत्त_उपअभियंता
रस्ते बांधण्यात माझी तीस वर्षं गेली, सायकल मात्र शाळेनंतर चालवलेली नाही. तुम्ही ज्याला ग्रॅव्हल म्हणता तो आमच्या भाषेत अर्धवट राहिलेला रस्ता. तो कसा होतो हे कळलं तर कुठे चाक घालावं तेही कळेल, म्हणून लिहितो.

आधी मातीकाम. त्यावर मुरुमाचा भराव, मग डबराचं सोलिंग. त्यावर खडीकरण. पहिल्या प्रतीची खडी ९० ते ४५ मिलिमीटर, दुसरी ६३ ते ४५, तिसरी ५३ ते साधारण २२. खडी पसरून रोलर फिरवायचा, मग वर बारीक मुरूम टाकून पाणी मारायचं आणि पुन्हा रोलर. मुरूम फटींत उतरतो, खडी एकमेकांत घट्ट बसते. अशा ताज्या खडीकरणावर तुमची सायकल गालिच्यावरून गेल्यासारखी जाईल.

पुढे निधी आला तर त्यावर डांबर. नाही आला तर पहिल्याच पावसाळ्यात वरचा मुरूम वाहून जातो, खडी उघडी पडते, आणि जीपची चाकं ती मोकळी करतात. आता हिशेब बघा. टायर ४० मिलिमीटरचा आणि दगड ६३ ते ४५ चा. दगड टायरपेक्षा मोठा. हात दुखणारच.

म्हणून चाकोरीतून चालवा. जीपच्या दोन चाकांच्या रेषेत खडी दाबलेली असते. मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला मोकळा माल साठतो, तिथे घसराल. उतारावर वळणाच्या आत ब्रेक मारू नका, वेग आधीच कमी करा.

खिंडवेडा
सर, हे सोनं आहे. इतकी वर्षं सायकल चालवून खडीला प्रत असते हे माहीत नव्हतं. मोकळा माल बाहेरच्या कडेला साठतो हे तर पडूनच शिकलो असतो.

राजगुरू_पेठ
वाचनखूण साठवली. टायरमधल्या हवेचं कुणी सांगेल का?

खडखडाट
वजन ७५ किलोच्या आसपास, ४० चे ट्यूबलेस टायर असतील तर कच्च्यावर पुढे ३२, मागे ३५ पीएसआय. डांबरावर दोन्हीकडे दहा वाढवा. ट्यूब घातली असेल तर इतकी कमी नको, दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की दोन समांतर छिद्रं पडतात. टायरमधलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) दर दोन-तीन महिन्यांनी बघा, आपल्या हवेत लवकर सुकतं. आणि करवंदीच्या जाळीत सायकल टेकवून फोटो काढू नका.

दोडामार्गचो_झील
पुणेकरांचा धागा दिसताहा, पण आमच्या तांबड्या मातयेचा कोणीच नाव काढूक नाय म्हणून इलंय.

आता प्रमाण मराठीत. आंबोलीहून चौकुळकडे जा. जांभ्याची तांबडी माती, दोन्ही बाजूंनी रान, आणि दिवाळीनंतरच्या सकाळी दहा वाजेपर्यंत धुकं. जांभ्याचा कच्चा रस्ता सुकला की काळ्या दगडाच्या खडीपेक्षा गुळगुळीत चालतो. पण धूळ अशी की परतल्यावर मोजे पुन्हा पांढरे होत नाहीत. पावसात तीच माती साबण. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा ऑक्टोबर उलटल्याशिवाय येऊ नका.

तिलारीच्या बाजूनं खाली दोडामार्गाकडे उतरणार असाल तर गावात आधी चौकशी करा. कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती गेली वीसेक वर्षं या भागात फिरतात, केळी-माडाच्या बागांत शिरतात.

राजगुरू_पेठ
हत्ती समोर आला तर काय करायचं?

दोडामार्गचो_झील
सायकल थंयच टाकून पळूचा. हत्ती सायकल चोरणा नाय.

पाटणची_पोर
हसून झालं. आता कालचा रुमाल उचलते, कारण नंतर पश्चात्ताप नको म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात.

कच्ची वाट दिसली म्हणून ती आपली होत नाही. अभयारण्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता वापरायला हरकत नाही, ताम्हिणी घाटातून आपण सगळे जातोच. पण त्या रस्त्यावरून रानात वळणारी वाट परवानगीशिवाय वापरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७ वं कलम हेच सांगतं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला जायचं तर बामणोलीला परवाना काढून, लाँचनं, आणि पायी. सायकल घेऊन "बघू पुढे काय आहे" असं तिथे करू नका.

कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, कुमुदिनी तळ्याकडे जाणारा जुना राजमार्ग सायकलवाल्यांना भुरळ घालतो. फुलांच्या दिवसांत त्याचा विचारही नको. त्या पठारावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर आहे. चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच धावतं आणि तो थर घेऊन जातं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, वाळक्या गवतात ती दिसतही नाहीत. रस्ता सोडू नका, बस.

आणि फेब्रुवारीनंतर गवत पेटतं. वणवा वाऱ्यावर चढणीनं सायकलीपेक्षा वेगानं येतो. नोव्हेंबर ते जानेवारी हेच आपले दिवस.

सोनचाफा
+१. मी आणि माझी जाऊ, वय ४७ आणि ५१, दोघीच असं जायचं मनात आहे. मुक्कामाचं कसं करतात? आणि स्वच्छतागृहाचं? हे कुणी लिहीत नाही म्हणून विचारते.

पाटणची_पोर
बरं झालं विचारलंत. मी गावातल्या घरातच राहते. आदल्या दिवशी फोन करून ठेवायचा, अंधाराच्या आत पोचायचं, आणि पहिल्यांदा घरातल्या बाईशी बोलायचं. बाकी सगळं मग तीच बघते. आता बहुतेक घरी संडास आहे. वाटेत मात्र शाळा शोधायची. शाळा भरलेली असेल तर बाई कधी नाही म्हणत नाहीत. पैसे ठरवून, मोजून द्यायचे; "राहू द्या" म्हणाल्या तरी द्यायचे. घरून चहाची पूड आणि साखर नेते मी, ती त्यांच्याकडे लागतेच.

एका शाळेबाहेर पाणी भरत होते तर चौथीतल्या मुलानं विचारलं, गिअर किती? म्हटलं, अकरा. त्यानं सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आमच्या सरांच्या सायकलीला एकवीस हायेत." मग मलाच धीर दिला, "पण तुमची रंगानं चांगली हाय."

कांदाटीकर
धागा पहिल्यापासून वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

माझं गाव शिवसागराच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यात. कोयनेचं धरण झालं, पाणी भरलं, आणि आमच्याकडचा बाजाराचा रस्ता पाण्याखाली गेला. मागे घाटमाथा, पुढे पाणी. बाप मुंबईत माथाडी. आम्ही मे महिन्यात गावी यायचो तेव्हा तापोळ्यापर्यंत एसटी, मग लाँच, मग डोक्यावर पिशव्या घेऊन दोन तास चाल. खालच्या कोकणात जायचं तर चकदेवच्या कड्यावरच्या शिड्या.

माझी चुलत बहीण बाळंतपणाला अडली ती रात्र मला आठवते. मी नऊ वर्षांचा. घोंगडीची झोळी केली, वासाला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली. पुढे एकाच्या हातात बत्ती. काठावर पोचले तर लाँच नाही. रात्री लाँच चालत नव्हती. सकाळपर्यंत काठावर बसून राहिले. बहीण वाचली. बाळ नाही.

पुढे कच्चा रस्ता झाला. जीप यायला लागली, पण पावसाळ्यात बंद. बऱ्याच वर्षांनी डांबर आलं. ज्या दिवशी आमच्या वाडीपर्यंत पोचलं त्या दिवशी मी गावी होतो. काकूनं चपला काढून हातात घेतल्या आणि त्या गरम डांबरावरून शेवटच्या घरापर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तळवे काळे झाले होते. धुवायला तयार नव्हती.

खिंडवेडा, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे कळतं. या आमच्याकडे, रान खरंच सुंदर आहे, मी स्वतः मुंबईत राहून त्यासाठी झुरतो. फक्त "मुरूम शिल्लक आहे का" असं विचारू नका. ज्या वाडीला तो शिल्लक आहे, तिथे अजून कुणीतरी काठावर बसून आहे.

खिंडवेडा
काल रात्रीच वाचलं, उत्तर लिहायला बसलो आणि लिहिता आलं नाही. तुम्ही बरोबर आहात. मी नकाशा बघत होतो, त्या रेघेच्या टोकाला घर आहे हे बघत नव्हतो. तो शब्द चुकला आणि त्यामागचा विचारही. बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. माफ करा.

खडखडाट
कांदाटीकर, नमस्कार. याच्यावर वाद असूच शकत नाही.

राजगुरू_पेठ
वाद घालत नाही, पण एक शंका आहे. प्रत्येक डांबरी रस्ता वाडीसाठी होतो असंही नाही ना? काही ठिकाणी वाडी अलीकडेच संपते आणि रस्ता पुढे डोंगराच्या धारेवर, प्लॉटिंगपर्यंत जातो. रान फोडून. त्याला विरोध केला तर आपण वाडीच्या विरोधात ठरतो का?

कांदाटीकर
नाही. ते वेगळं. त्या रस्त्यावरून आमची माणसं जात नाहीत, आमच्या जमिनी जातात. त्याला विरोध करताना आम्हालाही बोलवा.

निवृत्त_उपअभियंता
थोडी माहिती. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर ५०० आणि ठरावीक डोंगरी राज्यांत २५० लोकवस्तीच्या वरची ठिकाणं बारमाही रस्त्यानं जोडायची असं तिचं धोरण. घाटमाथ्यावरच्या वाड्या विखुरलेल्या. चाळीस माणसं इकडे, साठ तिकडे. अनेक वाड्या त्या आकड्यात बसत नाहीत, म्हणून मागे राहतात.

दुसरं, डांबर पडलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. रस्त्याचा शत्रू पाणी. डोंगराच्या बाजूला गटार नसेल, मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) तुंबलेली असेल तर तीन पावसाळ्यांत डांबर उखडतं. सायकलवाल्यांना खडी परत मिळते, वाडीचा रस्ता जातो. तुम्ही जाता त्या वाटेवर मोरी तुंबलेली दिसली तर फोटो काढून ग्रामपंचायतीत दाखवा. पावसाळ्याआधी जेसीबी अर्धा तास चालला तर तो रस्ता वाचतो. माझ्या नोकरीत मी हे किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही.

नेकारकाठी
श्टुटगार्टहून लिहितोय, मूळ सातारचा. इकडच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये दर शनिवारी ग्रॅव्हल चालवतो. तिथले जंगलातले रस्ते लाकडाच्या ट्रकसाठी केलेले, बारीक खडीचे आणि मुद्दाम तसेच राखलेले. आमच्या राज्यात नियम असा की दोन मीटरपेक्षा अरुंद पायवाटेवर सायकल नेता येत नाही. सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं की त्यामुळे चालणारी म्हातारी माणसं निर्धास्त असतात, आणि आमच्यासाठी रुंद वाटा भरपूर आहेत.

आपल्याकडे वाडीचा रस्ता डांबरी आणि रानातला खडीचाच, पण नीट राखलेला, असं होऊ शकत नाही का?

निवृत्त_उपअभियंता
ताम्हिणीच्या माथ्यावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. त्या पावसात चढावरचा मुरूम टिकत नाही. दर दिवाळीला नव्यानं टाकावा लागेल. सपाट सड्यावर मात्र शक्य आहे.

चिंबोरी
अवांतर : तापोळ्याला गेलात तर स्ट्रॉबेरी खाऊन पोट भरू नका, धरणातल्या माशाचं कालवण मागा. सोबत तांदळाची भाकरी.

घाटमाथा
चिंबोरीताई, मोक्याच्या वेळी आलात.

मूळ प्रश्नाकडे येतो. खिंडवेडा, बेताचे दोन तुकडे करा. पहिला आता करा. पहिल्या दिवशी लोणावळा ते भांबुर्डे. दुसऱ्या दिवशी पिंपरी, निवे, ताम्हिणीकडून मुळशीच्या पाण्याकाठानं पौड. तिसऱ्या दिवशी मुठा खोऱ्यातून टेमघर चढून लवासा, तिथून वरसगावच्या पाण्याच्या कडेकडेनं पानशेत आणि घर. पाण्याकाठचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण प्रत्येक ओढ्याला आत वळतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. पायात थोडी ताकद राखून ठेवा. मुळशीच्या काठानं जाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की याच पाण्याखाली गेलेल्या गावांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता.

दुसरा तुकडा, सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, वाई, हा जानेवारीत. बामणोलीहून तापोळ्याला लाँचमध्ये सायकल आडवी टाकून नेता येते, लाँचवाल्याशी आधी बोलून घ्या.

खिंडवेडा
धागा वर काढतोय. जाऊन आलो.

पहिल्या दिवशी आंबवण्याच्या पुढे डांबर आणि खडी आलटून पालटून होती. चाकोरीचा सल्ला दर दहा मिनिटांनी आठवत होता. एकदा विसरलो, वळणाच्या बाहेर गेलो आणि कोपर सोलून घेतलं. हवा ३२ आणि ३५ ठेवली, पंक्चर नाही. सालतर खिंडीत पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. खाली भांबुर्ड्याच्या बाजूला धूर सरळ वर जात होता, एका घराचा, मग दुसऱ्या घराचा. दहा मिनिटं तसाच उभा राहिलो.

मुक्काम एका घरात केला. साखर आणि चहाची पूड नेली होती. मावशींनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "कडक हाये." पिठलं, नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रस्त्याबद्दल मी काही विचारलं नाही, त्याच बोलल्या. अलीकडचा तुकडा झाला आहे, त्यांच्या घरापुढचा राहिला आहे. मुलगा रोज सायकलनं शाळेत जातो, त्याच उघड्या खडीवरून. त्याची सायकल बघितली. मागचा ब्रेक निखळलेला, वायर तुटलेली. माझ्याकडे जादा वायर होती, लांबी पुरली. बसवून दिली. सकाळी तो माझ्यापुढे निघाला. पिंपरीच्या फाट्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. उतारावर तो मोकळ्या खडीतून ज्या सहजतेनं गेला ते मला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी वरसगावच्या काठानं जाताना दोन मोऱ्या तुंबलेल्या दिसल्या. फोटो काढले आहेत. उपअभियंता सर, ते कुणाला आणि कसे द्यायचे, अर्जात काय लिहायचं, ते इथेच सांगाल का?

निवृत्त_उपअभियंता
सांगतो. आधी तो रस्ता ग्रामपंचायतीकडे आहे, जिल्हा परिषदेकडे की बांधकाम विभागाकडे ते बघावं लागेल. फोटोत किलोमीटरचा दगड आलाय का? नसेल तर जवळचं गाव आणि ओढ्याचं नाव लिहा. अर्ज मी उद्या सकाळी करून इथे टाकतो, सगळ्यांना वापरता येईल.

कांदाटीकर
खिंडवेडा, जानेवारीत तापोळ्याला येताय ना? पलीकडे या. संक्रांतीला मी गावीच आहे. काकूला सांगून ठेवलंय.

सोनचाफा
आम्ही दोघी पण निघालो आहोत, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, आधी नुसतं लोणावळा ते भांबुर्डे. त्या मावशींचा नंबर व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) मिळेल का?